दया, दार तोड... पण जरा जपून!

शनिवारी रात्रीचे दहा वाजले की आमच्या कर्जतच्या घरात जेवणाची भांडी तशीच पडून राहायची. ‘सीआयडी’ परत आली होती ना! जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालेली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद पडलेली ही मालिका २१ डिसेंबर २०२४ ला सोनीवर पुन्हा लागली, तेव्हा सासूबाईंना माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला. खरं सांगायचं तर मलाही. लग्न होऊन आले तेव्हा भारनियमनाच्या वेळा सांभाळून आम्ही सासू-सून मिळून बघायचो अशी ही एकच मालिका. बाकी सगळीकडे सासू-सुना भांडायच्या, इथे निदान गुन्हेगार तिसराच कुणीतरी असायचा!

पण नव्या मालिकेने सुरुवातच अशी केली की आम्ही चाटच पडलो. अभिजीतने चक्क दयावर गोळी झाडलेली! बरं, तेही गोड मानून घेतलं. मग एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात गेले. वाहिनीने रीतसर श्रद्धांजली वाहिली, सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. शिवाजी साटम म्हणजे आपल्या घरचेच वाटतात. आणि पुढे बघतो तर काय, एसीपी चालत परत! सासूबाईंनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, मेलेल्या माणसाला तरी नीट मरू द्या.” फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये खरंच गेले. त्यांना कुठला लेखक परत आणणार?

माझा मुलगा मात्र खो खो हसत होता. म्हणाला, “आई, ही पोलिसांची मालिका नाहीच. सायन्स फिक्शन आहे.”

त्याचं बोलणं मनात राहिलं. विज्ञानकथा मलाही आवडतात. डॉ. जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ मी कॉलेजात असताना वाचलं. मी कला शाखेची, तरी कुठे अडखळले नाही. त्यात कल्पना कितीही उंच जाऊ दे, पायाखाली विज्ञानाची जमीन असते. डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेत नेमकी तीच जमीन नाही. रंगीत पाणी एका नळीतून दुसऱ्या नळीत ओतलं की विषाचं नाव हजर, आणि दयाची एक थप्पड बसली की कबुलीजबाब हजर.

तुम्ही म्हणाल, करमणूकच ती, एवढं काय मनावर घ्यायचं? अहो, दया दार तोडतो ते मलाही आवडतं. खालापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर महिला मंडळाच्या कामाला जाते तेव्हा तिथली चिल्लीपिल्लीसुद्धा त्याची नक्कल करतात. त्या हसण्याला माझी ना नाही. पण अशाच एका वस्तीवर काही वर्षांपूर्वी लग्नाला दोन वर्षं झालेली एक मुलगी विषाने गेली. शवविच्छेदन झालं, व्हिसेरा मुंबईला गेला. तिच्या आईने मला विचारलं, “ताई, सांजच्यापर्यंत कळंल ना?” मी काय उत्तर देणार? जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे सीलबंद करून पाठवतात, तिथे नंबर लागतो, एकेका गटातलं विष तपासत जावं लागतं. महिने गेले. तेवढ्यात सासरच्यांनी उठवलं, ‘इतके दिवस झाले, काही असतं तर कळलं नसतं का?’ आणि गावाला ते पटलं! टीव्हीवर तर तासाभरात कळतं. भावकी बसली, आईने समजुतीच्या कागदावर अंगठा दिला. रिपोर्ट पुढे आला, पण तोवर ती माउली जबाबाला उभी राहायला तयार नव्हती.

म्हणून म्हणते, अतिरंजित असण्याला माझा विरोध नाही. पण पडद्यावरच्या झटपट विज्ञानामुळे खऱ्या विज्ञानावरचा धीर सुटतो, ते मला खुपतं. थप्पडेचंही तसंच. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. १८७२ च्या कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे नुसत्या थप्पडेच्या जोरावर उभी केलेली केस कोर्टात पहिल्याच दिवशी लटपटेल. त्याच दिवसापासून सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असंही कायद्यात आलं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. हे पथक गावात येईपर्यंत वस्तूंना हात न लावणं, अत्याचार झालेल्या मुलीला आंघोळ न घालता आधी सरकारी दवाखान्यात नेणं, तिचे कपडे न धुता कोरड्या कागदी पिशवीत ठेवणं, हे आपल्या हातात असतं. आपल्याकडे लाजेपोटी पहिलं काय केलं जातं? तिला आंघोळ घालतात आणि कपडे भिजत टाकतात. एवढं एका भागात दाखवलं असतं, तर किती घरांत उपयोग झाला असता!

जुन्या ‘सीआयडी’तही गंमत कमी नव्हती. पण तेव्हा गोष्ट मेलेल्या माणसाची असायची. तो कोण, त्याला कुणी मारलं, का मारलं, आणि शेवटी त्याला न्याय मिळाला का. नव्या मालिकेत अधिकारीच एकमेकांवर गोळ्या झाडतात, मरतात, परत येतात. ज्याच्यासाठी हे सगळं पथक जमलं, तो बिचारा कोपऱ्यात चादरीखाली पडून राहतो. माझ्या मते मालिकेची खरी गडबड तिथे झाली.

परवा सासूबाई म्हणाल्या, “जुने भाग लाव गं यूट्यूबवर.” लावले. दोघी बसलो बघत. मध्येच त्यांनी विचारलं, “त्या वाडीवरच्या मुलीचं पुढे काय झालं?”

मी टीव्ही बंद केला. मग बराच वेळ आम्ही तिच्याबद्दलच बोलत बसलो.