मनातलं ओळखणं आणि मन वाचणं

माझ्या खालाला माणसाच्या मनातलं कळतं, असं आमच्या नातलगांत बारामतीपासून इंदापूरपर्यंत सगळे मानतात. खाला इंदापूरला राहते. नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. जुमेरातीला चाँदशाहवली बाबांच्या दर्ग्यात आलेल्या बायका, त्यात मुसलमान जितक्या तितक्याच मराठा-धनगरांच्या, परत जाताना तिच्याकडे डोकावतात. बाई बसते न बसते तोच खाला विचारते, "सासरी सांगितलं नाहीस ना अजून?" आणि बाई रडायला लागते. मग बाहेर बोलबाला होतो की आपाला न सांगता कळतं, त्यांच्यावर बाबांची कृपा आहे.

मी एकदा तिला विचारलं, तुला कळतं कसं? ती हसली. म्हणाली, "अरे, दवाखान्याची फाईल पिशवीत तळाला, वर भाजी. घरी दाखवायची असती तर वर ठेवली असती की." एवढंच. कोण चप्पल दाराशी नीट काढतं, कोण घाईत सोडतं, कोण मूल मांडीवर घेऊन बोलतं आणि कोण मुलाला बाहेर पाठवतं, हे तिनं आयुष्यभर बघितलं आहे. वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या बाईला न बोलणारी माणसं वाचायची सवय लागतेच.

माझे अब्बा बकऱ्यांचा व्यापार करायचे. बकरीदेच्या आधी बारामतीच्या बाजारात ते दावणीपुढून चालत जायचे ते जनावराकडे कमी आणि मालकाकडे जास्त बघत. जनावराचे दात बघायचे, अदात की दोन दाती, शेपटीखाली हगवण लागलीय का बघायचे, मीठपाणी पाजून पोट फुगवलंय का ते बोटांनी दाबून बघायचे. मालकाचं काय बघायचे? तर तो दावं कुठल्या हातात धरतो, दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे किती वेळा बघतो, भाव सांगून झाल्यावर पुढे उगाच बोलतो का. रुमालाखाली बोटं धरून भाव करायची रीत होती तेव्हाची. अब्बा म्हणत, तोंड खोटं बोलतं, बोटं तेवढी शिकलेली नसतात. लोक म्हणायचे, याला समोरच्याच्या मनातला आकडा दिसतो. तो दिसत नव्हता. कित्येकदा चुकायचा, आणि चुकला की त्या दिवशी घरी भाजी पातळ असायची.

तर प्रश्न असा की याला मन वाचणं म्हणायचं का? मी म्हणतो, नाही. हा नुसता शब्दांचा वाद आहे असंही मला वाटत नाही. त्या दोन शब्दांत जी फट आहे तिच्यात माणसं पडतात.

आपल्याकडे दोन्हींसाठी वेगळे शब्द आधीपासून आहेत. एक फिरासत, म्हणजे चेहऱ्या-लक्षणांवरून जाणण्याची बुद्धी. दुसरा गैब, म्हणजे जे दडलेलं आहे आणि अल्लाहशिवाय कुणाला ठाऊक नाही. काळजातलं जाणणारा तोच, हे कुरआनात वारंवार येतं. म्हणून भविष्य आणि गुपित सांगणाऱ्या काहिनाकडे जायला सक्त मनाई आहे, आणि फिरासतीचं मात्र कौतुक आहे. हदीसमध्ये मुजज्जिज अल-मुदलिजी नावाच्या माणसाचा प्रसंग आहे. तो पावलांचा जाणकार. जैद गोरे, त्यांचा मुलगा उसामा काळे, त्यामुळे लोक कुजबुजत असत. बापलेक चादर ओढून झोपले होते, डोकी झाकलेली, पाय उघडे. मुजज्जिजनं नुसती पावलं बघितली आणि म्हणाला की ही एकमेकांतून आलेली आहेत. हे ऐकून पैगंबरसाहेब इतके खूश झाले की घरी येऊन आयेशांना सांगितलं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की मुजज्जिजनं पावलांबद्दल सांगितलं. त्या दोघांच्या मनात काय आहे यावर तो बोलला नाही.

इब्ने सीनांची एक गोष्ट बाराव्या शतकातल्या 'चहार मकाला' या फारसी ग्रंथात आहे. एक तरुण खंगत चाललाय, रोग सापडत नाही. इब्ने सीना त्याच्या नाडीवर बोट ठेवतात आणि गाव माहीत असलेल्या माणसाला मोहल्ल्यांची नावं घ्यायला सांगतात. एका नावाला नाडी उडते. मग त्या मोहल्ल्यातल्या गल्ल्या, मग घरं, मग घरातल्या माणसांची नावं. शेवटी निघतं ते इश्क. लोकांना ही करामत वाटते. पण हकीम तिथं दर पायरीला विचारत होते, आणि नाडी उत्तर देत होती.

उलट बाजूचं उदाहरण घोड्याचं. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमाराला हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, टापा आपटून उत्तर द्यायचा. तपासणी समितीला लबाडी सापडली नाही, कारण मालक लबाड नव्हताच. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं नंतर दाखवून दिलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडाही चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची, घोडा तेवढं टिपायचा. आपल्याकडे नंदीबैलवाल्याचा बैल मान डोलावतो तेव्हा निदान पोराटोरांनाही माहीत असतं की मालकाच्या हातात कासरा आहे. हान्सच्या मालकाला आपल्याच हातातला कासरा दिसत नव्हता.

कासरा दिसत असूनही चमत्कार म्हणून विकणारे वेगळे. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री लोकांच्या मनातलं कागदावर लिहून सांगतात म्हणून गाजत होते. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानवांनी आव्हान दिलं, आमच्या अटींवर सिद्ध करा आणि तीस लाख घ्या. नागपूरला ती परीक्षा झाली नाही. त्यावर आपल्यातल्या काहींना गुदगुल्या झाल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या विनोदांत आपलीच मंडळी जास्त. पण एस.टी. स्टँडच्या मुतारीत 'चोवीस तासांत समाधान' असं हिरव्या अक्षरात लिहिणारे बंगाली बाबा कुणाचे? तावीजासाठी गहाण पडलेली पाटली कुणाच्या घरातली? २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. तो कायदा सगळ्यांच्या बाबांसाठी आहे.

भोंदू मात्र माझ्या काळजीचा विषय नाही, त्यांना ओळखता येतं. मला भीती वाटते ती प्रामाणिक माणसांची. खालासारख्यांची. माझ्यासारख्यांची.

अमेरिकेत विल्यम इक्स यांनी अनेक वर्षं एक प्रयोग केला. दोघांच्या गप्पांचं चित्रण करायचं, मग प्रत्येकाला ते दाखवून विचारायचं की या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं, आणि समोरच्याला त्याचा अंदाज करायला सांगायचं. अनोळखी माणसं पाचात जेमतेम एकदा बरोबर येतात. जवळचे दोस्त आणि नवराबायको जरा बरे, तरी निम्म्यालाही पोचत नाहीत. १९९७ चा स्वान आणि गिल यांचा अभ्यास तर बोचणारा आहे. जोडप्यांचा सहवास वाढला तसा एकमेकांना ओळखतो ही खात्री वाढत गेली, पण ओळखणं त्या प्रमाणात वाढलं नाही. आणि २०१८ मध्ये एयाल, स्टेफेल आणि एप्ली यांनी पंचवीस प्रयोग करून बघितले की 'स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा' या सल्ल्यानं अंदाज सुधारतो का. सुधारला नाही. सुधारला तो सरळ विचारल्यावर.

यंत्रानंही हे सुटलेलं नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या लहरींची चाचणी पुरावा म्हणून धरली गेली. डोक्याला तारा लावायच्या, वाक्यं ऐकवायची, आणि गुन्ह्याचा 'अनुभव' मेंदूत आहे का ते यंत्र सांगणार. जन्मठेप झाली. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. पुढे ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात निकाल दिला की अशी चाचणी, नार्को आणि लाय डिटेक्टर माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. कारण माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. गप्प राहायचा त्याला हक्क आहे.

गप्प राहणं. इथं मला माझी गोष्ट सांगावी लागते.

माझ्या भाचीचा निकाह इंदापूरला झाला, मी गवाह होतो. वकील आणि आम्ही दोघे गवाह बायकांच्या खोलीच्या दाराशी उभे राहिलो. आत भाची ओढणीखाली, भोवती पंधरा-वीस बायका, कुणाचा तरी फोन चित्रण करतोय. वकिलानं मुलाचं नाव, मेहर सगळं वाचलं, विचारलं. आतून आवाज नाही. पुन्हा विचारलं. खालानं तिच्याकडे बघितलं आणि आम्हाला म्हणाली, "शरमा रही है. हाँ है उसकी." मी सही केली. बाहेर काजीसाहेब थांबले होते, बिर्याणी निघाली होती.

दीड वर्षानं भाची परत आली. मारहाण नाही, हुंडा नाही, कुणाला दोष देता येईल असं काही नाही. तिला ते लग्न नको होतं, एवढंच. मी म्हणालो, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मामू, तुम्ही नीट विचारलं असतं तरी मी बोलले असते का, मला नाही माहीत. पण तुम्हाला आधीच कळलं होतं ना."

खालाचं निरीक्षण खोटं नव्हतं. मान खाली होती, हात थरथरत होते, डोळ्यांत पाणी होतं. लाजणाऱ्या मुलीचं असंच असतं. घाबरलेल्या मुलीचंही असंच असतं. खालानं शेकडो नवऱ्या बघितल्या होत्या, आणि त्या शेकड्यांमुळेच ही एक तिला दिसली नाही.

कुमारिकेचं मौन हीच तिची संमती, ही हदीस सगळ्यांना पाठ असते. ती कुठून सुरू होते हे मात्र कुणी सांगत नाही. ती सुरू होते तिला विचारल्याशिवाय तिचं लग्न लावू नका या हुकमापासून. ती लाजेल मग कसं, या प्रश्नाला ते मौनाचं उत्तर आहे. खनसा बिंते खिदाम यांचं लग्न त्यांच्या वडिलांनी मर्जीविरुद्ध लावलं, त्या तक्रार घेऊन आल्या, पैगंबरसाहेबांनी ते लग्न रद्द ठरवलं. हनफी फकीहांनी तर याचा कीस पाडलाय. हसली, पण थट्टेनं हसली, तर ती संमती नव्हे. रडली, तर नुसते अश्रू होते की आवाज होता? आणि सर्वांत कामाचं म्हणजे, विचारणारा तिचा जवळचा वली किंवा त्यानं पाठवलेला माणूस नसेल, परका असेल, तर मौन पुरत नाही, तिनं तोंडानं बोलायला हवं. हजार वर्षांपूर्वीच्या या माणसांना ठाऊक होतं की चेहरा वाचताना चूक होते, आणि चूक झाली तर किंमत कोण मोजतं.

उसामांचंच आणखी एक आहे, ज्यांची पावलं ओळखली गेली ते. लढाईत त्यांच्या तलवारीखाली आलेल्या माणसानं कलमा म्हटला, तरी त्यांनी त्याला मारलं. नंतर सांगितलं की तो जिवाच्या भीतीनं म्हणाला. अंदाज बहुधा बरोबरही असेल. पैगंबरसाहेबांनी विचारलं ते असं की, तू त्याचं काळीज चिरून बघितलंस का? आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिले. 'तुमच्या मनात काय आहे ते आम्हाला माहीत आहे,' हे वाक्य या देशात आपण मुसलमानांनी पुष्कळदा ऐकलंय, क्रिकेटच्या सामन्यापासून भाड्याच्या खोलीपर्यंत. ते ऐकताना काय वाटतं ते आपल्याला माहीत आहे. तुम्ही काहीही म्हणा, समोरच्यानं आधीच वाचलेलं असतं. मग घरातल्या मुलीपुढे आपण तेच वाक्य प्रेमानं म्हणतो तेव्हा ते वेगळं कसं होतं?

म्हणून मी फरक असा करतो. ओळखणारा माणूस विचारतो, आणि उत्तर अंदाजाविरुद्ध आलं तर अंदाज सोडतो. अब्बा भाव चुकले तर पुढच्या बाजारी सुधारत होते. मन वाचणारा विचारत नाही, त्याला गरजच नसते. एकच बाई दुपारी पहिल्या जातीची असते आणि संध्याकाळी दुसऱ्या जातीची. दर्ग्याहून आलेल्या बायकांना खाला प्रश्न करत होती. भाचीच्या वेळी तिनं विधान केलं.

माझी मागणी छोटी आहे आणि ती जमातीकडे आहे. निकाहच्या दिवशी दारातून विचारू नका. आठ दिवस आधी, घरच्यांना बाहेर ठेवून, दोन जाणत्या बायकांनी मुलीला विचारावं, आणि तिनं शब्दांत सांगावं. यात शरियतच्या विरुद्ध काय आहे ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. बारामतीत एका बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "आमच्या मुलींचं आम्हाला कळत नाही का?" खाला पडद्यापलीकडे बसली होती. तिथूनच म्हणाली, "मुझे भी समझता था, भाईसाब."

या शव्वालमध्ये शेजारच्या एका निकाहला तिला बोलावलं होतं. मुलगी रडत होती. बायका म्हणाल्या, मायका सुटतोय म्हणून रडतेय. खाला म्हणाली, असेल, आणि सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं. काजीसाहेब घड्याळ बघत होते. वीस मिनिटांनी दार उघडलं, मुलीनं स्वतः, सगळ्यांना ऐकू जाईल असं, हो म्हटलं. मायका सुटतोय म्हणूनच रडत होती ती.