सगळे ‘हो’ म्हणाले? मग जरा थांबा!

गेल्या वर्षी आमच्या डिपार्टमेंटच्या फेस्टची मीटिंग दहा मिनिटांत आटोपली. ऑगस्ट महिना, मोकळं मैदान, म्युझिक नाइट. हेडने विचारलं, ‘‘डन ना?’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचं सांगायला नकोच. धो धो पाऊस आला आणि आमची रात्र स्पीकर झाकण्यात गेली. नंतर कँटीनमध्ये कळलं, निम्म्या टीमच्या मनात पावसाची भीती होती. माझ्याही होती. पण हेड सीनियर, त्यात माणूस चांगला. उगाच आपण कशाला पनवती व्हायचं, म्हणून गप्प बसले.

आमचं थोड्या पैशांवर भागलं. मोठ्यांच्या मीटिंगमध्ये असं झालं तर?

२७ जानेवारी १९८६ ची रात्र. अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ यान दुसऱ्या दिवशी उडणार होतं. त्याचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनीअर्सनी फोनवर नासाला सांगितलं, थंडी फार आहे, सांध्यातल्या रबरी रिंगांचा भरवसा नाही, उड्डाण पुढे ढकला. नासाच्या अधिकाऱ्यांना ते पटेना. मग कंपनीच्या वरिष्ठांनी आपसांत चर्चा केली. इंजिनीअरिंगच्या प्रमुखाला सांगण्यात आलं, की आता इंजिनीअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. निर्णय फिरला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं. सातही अंतराळवीर गेले.

आम्ही बोललोच नाही, ते बोलूनही कोणी ऐकलं नाही. म्हणून ज्युनिअर्सना नुसतं ‘बिनधास्त बोला’ सांगून काही होत नाही, असं मला वाटतं. बोलायची सोय मीटिंग घेणाऱ्यानेच करायला हवी. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी ‘प्री-मॉर्टेम’ नावाची सोपी पद्धत सांगितली आहे. काम सुरू करण्याआधीच समजायचं, की आपला प्लॅन पार आपटलाय. तो का आपटला, याची कारणं प्रत्येकाने कागदावर लिहायची आणि मग एकेकाने वाचायची. खोट काढणं हेच सगळ्यांचं काम असल्यामुळे खोट काढणारा वाईट ठरत नाही. माझी त्यात एकच भर, बॉसने आपला कागद शेवटी वाचावा. तो आधी बोलला, की बाकीचे कागद बदलतात!

‘अशाने निर्णयच होणार नाहीत,’ असं काही जण म्हणतील. पण निर्णय शेवटी हेडनेच घ्यायचाय. फक्त तो डोळे उघडे ठेवून घ्यायचाय, आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

यंदा ज्युनिअर्सच्या मीटिंगला गेले, तेव्हा कोरे कागद घेऊन गेले. एरवी तोंडही न उघडणाऱ्या फर्स्ट इयरच्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘‘बजेटमध्ये जनरेटरचं भाडं धरलेलंच नाही.’’

खरंच धरलेलं नव्हतं.