सोडलेला मासा जगतो काय?

मावळांतील ओढ्यांवर व धरणांच्या काठीं गळ टाकून बसण्याचा छंद कित्येक मुलांस असतो, आणि त्यास आमची हरकत नाहीं. हल्लीं या छंदांत एक नवी रीत शिरली आहे. मासा धरावयाचा, मोबाइलवर त्याचें छायाचित्र घ्यावयाचें व त्यास पुनः पाण्यांत सोडून द्यावयाचें. रीत चांगली आहे; परंतु तिला दया म्हणण्यापूर्वीं सोडलेला मासा पुढें जगतो काय, हें पाहणें अगत्याचें आहे.

आपल्याकडील महाशीर हा रोहू-कटल्यांच्याच कार्प कुलांतला. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, तें पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील माशांवरून. पुढें धरणें, दूषित पाणी व सुरुंगाची मासेमारी यांमुळें तो विरळ झाला. तेव्हां १९७० नंतरच्या दशकांत टाटा वीज कंपनीनें लोणावळ्यास त्याची कृत्रिम पैदास हातीं घेतली, आणि तेथील बोटुकली दूरदूरच्या जलाशयांत सोडली गेली. एवढ्या खटपटीनें राखलेला मासा एका चित्रापायीं मरावा काय?

“सोडतांच सळसळून गेला कीं!” असें मुलें सांगतात. हा पुरावा नव्हे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हें त्याचें कवच होय. कोरडा हात किंवा तापलेला खडक लागला कीं तें निघतें, त्या जागीं बुरशी धरते, आणि मासा कांहीं दिवसांनीं मरतो. तें पाहावयास आपण तेथें नसतों. शिवाय पाण्याबाहेर कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांस चिकटतात व झुंजून दमलेला जीव गुदमरतो. वैशाखांत पाणी तापून त्यांतील प्राणवायू कमी झालेला असतो, तेव्हां धोका अधिक.

म्हणून उलटा कांटा पकडीनें दाबलेला गळ वापरावा. मासा पाण्यांत असतांनाच गळ काढावा. हात भिजवावेत, एक शेपटीच्या मुळाशीं, दुसरा पोटाखालीं. कल्ल्यांत बोटें मुळींच घालूं नयेत. चित्र काढणारा आधीं सज्ज असावा, मगच मासा पाण्यालगत उचलावा, म्हणजे निसटला तरी तो पाण्यांतच पडेल. उचलणाऱ्यानें त्या वेळीं स्वतःचा श्वास रोखून धरावा. आपल्यास श्वास घ्यावासा वाटला कीं माशाचीही वेळ भरली असें समजावें. मग प्रवाहाकडे तोंड करून, तो आपल्या बळानें निघेपर्यंत, हलकेच आधार द्यावा. पांच मित्रांनीं आळीपाळीनें तोच मासा हातीं घेऊन चित्रें काढणें हा आमच्या मतें शुद्ध छळ आहे. त्यापेक्षां घरच्या कालवणासाठीं मासा नेणाऱ्या कातकरी बापाचा व्यवहार अधिक सरळ होय.

पावसाळ्यांत अंडीं घालण्यास ओढ्यांत शिरणारे चढणीचे मासे तर हौसेखातर धरूंच नयेत. त्या दिवसांत शेवाळलेला काठ व धरणाचा लोंढा मुलांसही धोक्याचे.

पालकांस एक विनंती आहे. मुलगा चित्र न आणतां नुसती हकीकत सांगूं लागला, तर “पुरावा कोठें आहे?” असें त्यास विचारूं नये.