उसाचा केवडा दिसतो, घरातला दिसत नाही

चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडला की आपण लांबूनच ओळखतो. पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. लगेच हिराकस आणून फवारणी करतो. मग घरातल्या कारभारणीचा चेहरा वर्षानुवर्षे पांढरा पडलेला, खुरपताना तिला धाप लागते, ते का दिसत नाही? घरची असली तर आपण तिला 'नाजूक' म्हणतो, रोजाची असली तर 'कामचुकार'.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. २०१५-१६ मध्ये हाच आकडा ४८ होता. म्हणजे दुखणे वाढले आहे.

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू अंगभर पोचवते, आणि ते लोहाशिवाय तयार होत नाही. बाईचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेले की रक्तक्षय समजावा. मग हृदयाला जादा धावावे लागते, छाती धडधडते, चक्कर येते. बाळंतपणातला रक्तस्राव अशा बाईच्या जिवावर बेततो.

दर महिन्याची पाळी, लागोपाठची बाळंतपणं, अनवाणी पायांतून शिरणारे जंत, ही गळतीची कारणं. शिवाय चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला लागू होत नाही, तसंच पोटाचं आहे. बाजरीत लोह आहे, पण भाकरीवर लगेच चहा घेतला तर ते अंगी लागत नाही. कालवणात लिंबू पिळा, चहा तास-दोन तासांनी घ्या. खरिपाला बाजरी करणारांनी जादा लोहाचा 'धनशक्ती' वाण घरापुरता तरी पेरावा.

फवारणीचं हिराकस मात्र कुणी पोटात घेऊ नये. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात. शौचाला काळं होतं म्हणून त्या बंद करू नका. गोळ्या घेऊनही फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. कारण दुसरं असू शकतं.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एवढंच सांगणं, माती परीक्षणाला आपण गावोगाव नमुने गोळा करतो, तसा रक्त तपासणीचाही दिवस ठरवा. उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतोच. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आपण नायगावला जातो. त्याच आठवड्यात तालुक्यातल्या प्रत्येक गावाने आपल्या लेकीसुनांचं रक्त तपासून घ्यावं.