निजलेल्याला हाक मारण्यापूर्वी

रजिस्टर हा शब्द कानी पडला, की आम्हां शाळामास्तरांच्या डोळ्यांपुढे हजेरीपटच उभा राहतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत बेंगळुरूहून बेळगावी आलेला आमचा एक माजी विद्यार्थी "गुरुजी, एका रजिस्टरापायी तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही," असे म्हणाला, तेव्हा आम्ही त्याच्याकडे अंमळ संशयानेच पाहिले. मग फराळाची ताटली बाजूला सारून त्याने जे सांगितले, ते आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज ज्या व्यवसायात आहेत, त्यातील एक मर्म आहे. म्हणून या महिन्यात तेच मांडीत आहोत.

यंत्रातील चिपच्या प्रत्येक अवयवाचे काही कप्पे असतात; त्यांनाच रजिस्टर म्हणतात. कप्प्यात ठरावीक आकडा लिहिला, की अवयव कामाला लागतो. कप्पा वाचला, की काम झाले किंवा नाही ते कळते. काही कप्पे तर इतके लहरी, की वाचताक्षणीच कोरे होतात! हे लिहिणे-वाचणे करणारा जो कारभारी प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर.

आता बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात साऱ्या अवयवांना अष्टौप्रहर जागे ठेवणे परवडत नाही. काम नसलेल्या अवयवाला ताल देणारे क्लॉक थांबवितात. ही झाली डुलकी. तीत कप्प्यांतील मजकूर शाबूत राहतो. गाढ झोपेत मात्र वीजच तोडतात आणि बहुधा सारे कप्पे पुसले जातात. म्हणून शहाणा ड्रायव्हर मजकुराची नक्कल स्वतःजवळ बाळगतो आणि अवयव जागा होताच ती पुन्हा उतरवून देतो.

कोणी केव्हा निजावे, हे कसे ठरवायचे? लिनक्स प्रणालीत त्यासाठी २००९ साली एक सोय आली. ज्याला अवयवाची गरज असेल त्याने मोजणीत एक मिळवावा आणि काम संपताच एक वजा करावा. मोजणी शून्यावर आली, म्हणजे अवयव निजण्यास मोकळा. वाचनालयातून शेवटी बाहेर पडणाऱ्याने दिवा मालवावा, तसाच हा नियम. परंतु यातही एक खाच होती. अवयव जागा करण्याचा प्रयत्न फसला, तरी मिळविलेला एक मोजणीत तसाच राही. तो वजा करण्यास भलेभले विसरत. मग तो अवयव पुढे निजेच ना, आणि बॅटरी फुकट झिजे. अखेरीस २०२० साली, फसल्यास आपणहून वजाबाकी करणारा प्रकार त्या प्रणालीत घालण्यात आला.

आमच्या विद्यार्थ्याचे दुखणे मात्र निराळे होते. उसाच्या फडातील ओल मोजून ती मोबाइलवर कळविणारे यंत्र त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी केले आहे. पंपाची वीज बहुधा रात्री येते; ओल पुरेशी असेल, तर शेतकऱ्याला काळोखात, विंचूकाट्यांतून फडात जावे लागू नये, हा हेतू. कचेरीतील मेजावर यंत्र उत्तम चाले. शेतात मात्र चार-आठ दिवसांनी मुके होई आणि मोबाइलवर जुनाच आकडा दिसत राही. त्या आकड्यावर विसंबून एका शेतकऱ्याने पाण्याची एक पाळी चुकविली, हे सांगताना पोराचा आवाज उतरला.

दोष सापडला तो असा. चिपमध्ये दोन अवयवांना मिळून एकच घंटा होती. तिला ते इंटरप्ट म्हणतात. एका वाड्यात दोन बिऱ्हाडांना एकच कडी असावी, तसे. शेजाऱ्यासाठी घंटा वाजली, तरी याचा ड्रायव्हर आपल्या अवयवाचा कप्पा उघडून "तू वाजविलीस काय?" असे विचारी. अवयव जागा असला, तर काहीच बिघडत नसे. पण त्याचे क्लॉक थांबलेले असले, तर उत्तर कोण देणार? त्या चिपमध्ये विचारणाराच उत्तराची वाट पाहत जागच्या जागी खिळून राही, आणि त्याच्यामागे सारे यंत्र थिजे. कचेरीत अवयव सतत कामात असे, तो निजतच नसे. म्हणून तेथे हे कधी दिसले नाही.

उपाय चार ओळींचा होता. घंटा वाजल्यावर जागे करण्यासाठी थांबण्यास तेथे सवड नसते. म्हणून आधी अवयव जागा आहे काय ते पाहावे. असल्यास मोजणीत एक मिळवून कप्पा वाचावा व नंतर वजा करावा. निजला असल्यास "ही घंटा माझी नव्हे" म्हणून परतावे. तो अवयव निजेत घंटा वाजवूच शकत नव्हता.

"म्हणजे दोष निजणाऱ्याचा नव्हता तर," आम्ही म्हणालो. "नाही गुरुजी, विचारणाऱ्याचा," तो सहजच बोलून गेला.

तो गेल्यावर आम्हांला आमच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची आठवण झाली. पहिल्या तासाला हजेरी घेताना एक मुलगा समोर बसूनही 'हजर' म्हणेना. आम्ही दोनदा नाव पुकारले आणि तो समोर असताना गैरहजेरी मांडून त्याला वर्गाबाहेर उभे केले. असे चार-पाच वेळा घडले. गुऱ्हाळावर बापाबरोबर रात्रभर चुलवणाला जाळ घालून तो शाळेत येतो, हे आम्हांला कळले तेव्हा त्याने शाळा सोडली होती. आम्ही त्याच्या घरी गेलो, बापाशी बोललो. पण मुलगा पुन्हा आला नाही.

हजेरीपटात त्या दिवसांपुढे आम्ही मारलेल्या फुल्या कोणा तपासनीसाला कधी चुकीच्या वाटल्या नाहीत. आज आम्ही मुख्याध्यापक आहोत. नव्या शिक्षकांना आम्ही एवढेच सांगतो, की उत्तर आले नाही, तर फुली मारण्यापूर्वी बाकापर्यंत चालत जावे आणि मूल जागे आहे काय ते पाहावे. निजले असेल, तर पहिला तास निजू द्यावे. काल रात्री ते कोठे होते, हे मधल्या सुट्टीत हळूच विचारावे.