घाम गाळणारा खेळ
ट्रेडमिलवर दर मिनिटाला घड्याळ बघणारी माणसं ट्रॅम्पोलिनवर डॉजबॉल खेळायला उतरली, की घामाघूम होऊनही ‘अजून एक डाव’ म्हणतात. व्यायाम करून घेण्याची यापेक्षा लबाड युक्ती मला तरी माहीत नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवात जॉर्ज निसेन आणि लॅरी ग्रिसवोल्ड यांनी ट्रॅम्पोलिन हे साधन घडवलं. २००० साली सिडनीत ते ऑलिंपिकला पोचलं. उडीला मांड्या-पोटऱ्या लागतात, पण तोल सावरताना पोट आणि पाठही राबते. ताणलेलं कापड धक्का बराचसा पचवतं, म्हणून गुडघे कमी कुरकुरतात. एका ट्रॅम्पोलिनवर एका वेळी मात्र एकानेच उडावं; बहुतेक दुखापती दाटीवाटीतच होतात. आणि कोलांटउडी? प्रशिक्षकाशिवाय नकोच. पन्नाशीतल्या काकांनो, भाच्यांसमोर तर मुळीच नको!