भिंतीवाचून फडताळ

गेल्या पाडव्याला पुण्यातल्या एका स्नेह्यांच्या नव्या घरी जाण्याचा योग आला. दिवाणखान्यात शिरताच त्यांनी मला दंडाला धरून एका कपाटापुढे नेऊन उभे केले. "दीडशे वर्षांचे आहे!" ते म्हणाले. कपाट देखणे होते यात शंका नाही. सागवानी दारे, पितळी कड्या, चौकटीवर वेलबुट्टी. मी सवयीने कडी काढली. आत एकच फळी, फळीवर छोटासा विजेचा दिवा, आणि त्याच्या उजेडात एक रिकामा तांब्या. मी विचारले, "यात ठेवता काय?" स्नेही हसले. "अहो मास्तर, यात काही ठेवायचे नसते."

हा लेख मी त्या वाक्याविरुद्ध लिहीत आहे.

आपल्याकडे उभी कपाटे घरात ठेवण्याची चाल फार जुनी नव्हे. जुन्या वाड्याची भिंत हात-दीड हात जाड असे आणि तिच्या पोटातच फडताळ, कोनाडा, दिवळी यांची सोय केलेली असे. धान्याला कणगी किंवा बळद, लुगड्याधोतरांना दांडी, ठेवणीतल्या कपड्यांना पेटारा, आणि उरल्यासुरल्या सगळ्याला खुंटी नाहीतर माळा. फडताळ ही उचलून नेण्याची वस्तूच नव्हती. ती भिंतीतली जागा होती. लाकडाची असत ती तिची चौकट, फळ्या आणि दारे. 'कपाट' हा शब्दसुद्धा मुळात दाराचाच. बदरीनाथाची कपाटे उघडली असे आपण वाचतो, तेव्हा तेथे कोणी कपड्यांचे कपाट उघडीत नाही. 'अलमारी' तर पोर्तुगिजांच्या गलबतातून आली.

मग वाडा पडला की फडताळाचे उरते काय? दारे उरतात. जुन्या सामानाचा व्यापारी ती चौकटीसकट उपटून नेतो, मागे प्लायवुडचे खोके ठोकतो, खोक्याला दारांच्या रंगाशी जुळेल असे काळपट पॉलिश फासतो, आणि मोठ्या शहरातल्या दुकानात त्याला 'अँटिक कॅबिनेट' अशी पदवी मिळते. दीडशे वर्षांची दारे आणि दीड महिन्याचे खोके! माझ्या स्नेह्यांचे कपाट या जातीचे होते. मी ते त्यांना सांगितले नाही. सणाचा दिवस होता.

खरीखुरी उभी जुनी कपाटेही मिळतात. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर शोधणाऱ्याला ती अजून सापडतात. बहुतेक ब्रिटिश अमदानीतली असतात, आणि विक्रेता हटकून सांगतो, "बर्मा टीक आहे, साहेब." हे दोन शब्द कानी पडले की गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे जातो. आता त्या शब्दांमागची हकिगतही ऐकून ठेवा. १८६३ साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. तिने ब्रह्मदेशातून काढलेल्या सागाच्या ओंडक्यांवरून थिबा राजाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त पाहिजेच होते. १८८५ साली त्यांनी राज्य खालसा करण्यासाठी फौजा धाडल्या आणि राजाला आणून ठेवले ते आमच्या रत्नागिरीत. १९१६ साली तो तेथेच वारला. आम्ही शाळेच्या सहली थिबा पॅलेसला नेतो, पोरे जिन्यावर धावतात आणि राजाचा हत्ती कुठे बांधीत असे विचारतात. सागापायी माणसाचे राज्य गेले, आणि त्या सागाच्या कपाटात आपण एक तांब्या ठेवतो.

कायद्यापुरते बोलायचे तर १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने अशी कारागिरीची वस्तू निदान शंभर वर्षांची असल्याखेरीज पुरावस्तू ठरत नाही. दुकानातला 'अँटिक' हा शब्द कोणत्याही कायद्याला बांधलेला नाही. तो चाळीस वर्षांच्या ड्रेसिंग टेबलालाही लागतो.

मग घ्यायचेच तर घ्यावे कसे? माझे शाळेचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. लाकडाचे जे थोडेफार कळते ते गावच्या एका म्हाताऱ्या सुताराच्या पडवीत बसून. तो म्हणे, कपाट तोंडाने खोटे बोलते, पाठीने बोलत नाही. म्हणून दर्शनी बाजू शेवटी पाहावी. आधी कपाट भिंतीपासून ओढायला लावा आणि पाठ पाहा. पाठीला प्लायवुड असेल तर एक तर ती बदललेली आहे, नाहीतर सारे खोकेच नवे आहे. खण असेल तर तो पुरा बाहेर काढून उलटा करा. हाताने पटाशी चालवून केलेले सांधे एकमेकांसारखे कधी नसतात, एखादा दात रुंद, एखादा अरुंद. यंत्राचे सांधे कवायतीसारखे सारखे येतात. तळाच्या फळीवर रंध्याच्या लाटा बोटांना लागतात. स्क्रूकडे तर अवश्य पाहा. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला. तो 'दीडशे वर्षांच्या' बिजागरीत दिसला तर निदान ती बिजागरी तरी कोणीतरी नंतर बसवली आहे, आणि विक्रेत्याला त्याचे कारण विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. किड्याची भोके पाहून हुरळू नका. खरा किडा वेडावाकडा पोखरतो, गिरमिटाचे भोक नाकासमोर सरळ जाते. आणि भोकाखाली ताजा पिठासारखा भुसा पडलेला असेल तर किडा खरा आहे, जिवंत आहे, आणि तो तुमच्या बाकीच्या लाकडातही बिऱ्हाड करणार आहे.

एवढे झाल्यावर आपल्या मनाला एकच प्रश्न विचारा: यात मी काय ठेवणार? टेपाने खोली मोजा. हँगरवरचा सदरा आडवा मावायला दोन फुटांच्या आसपास खोली लागते; जुनी कपाटे बहुधा घड्यांच्या कपड्यांसाठी केलेली, तेव्हा त्यांत सदरे कोंबून दार बळेच लावू नका. तेथे पुस्तके ठेवा, बरण्या ठेवा, पांघरुणे ठेवा. उत्तर सापडत नसेल तर सरळ गोदरेजचे पोलादी कपाट घ्या. ते वापरासाठीच केलेले असते आणि दुसरे काही असल्याचा आव आणीत नाही.

यावर मला सांगतात, "मास्तर, आम्ही घेतली नसती तर ती दारे बंबात गेली असती." हे खोटे नाही. माझ्या डोळ्यांदेखत कोरीव खांबांच्या ढलप्या बंबात गेलेल्या आहेत. दारे वाचवली त्याबद्दल मी या मंडळींचा ऋणीच आहे. माझे भांडण वाचवण्याशी नाही, वाचवून रिकामे ठेवण्याशी आहे. आणि त्याहून अधिक, आपल्या आजीचे फडताळ किलोच्या भावाने देऊन परक्याच्या आजीचे लाखाला घेण्याशी आहे.

आणि हे मी कोणत्या तोंडाने बोलतो तेही सांगून टाकतो. वाईचा आमचा वाडा २०११ साली पाडला. माजघरातल्या फडताळाची दारे, दोन खांब आणि एक तुळई मिळून मी अकरा हजारांना दिली. पैसे मीच मोजून घेतले. आई तेव्हा बहिणीकडे होती. परत आल्यावर तिने दारांबद्दल विचारले, मी विकली म्हणून सांगितले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "डाव्या दाराची आतली बाजू बघितली होतीस ना?" मी बघितली नव्हती. दर जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या दिवशी ती आम्हां भावंडांना त्या दाराला पाठ लावून उभे करी आणि डोक्याशी पेन्सिलीने रेघ ओढी. माझ्या धाकट्या भावाच्या रेघा तीनच होत्या. चौथ्या जूनला तो नव्हता.

तेव्हापासून जुन्या सामानाच्या दुकानात गेलो की मी दारे आतून पाहतो. आमची सापडतील अशी आशा नाही. सवय लागली आहे. गेल्या वर्षी एका गोदामात एका दारावर दुधाचा हिशेब सापडला. दीड शेर, पाऊण शेर, मध्ये दोन खाडे, पुन्हा दीड शेर. अक्षर बाईमाणसाचे असावे. मला तेथे रेंगाळताना पाहून दुकानदार लगबगीने आला.

"ते पॉलिशपेपर मारून साफ करून देतो, साहेब. गिऱ्हाइकाला आत लिहिलेले चालत नाही."

"नका मारू," मी म्हणालो.

"मग तुम्ही घेता?"

मी भाव विचारला. भाव एक वेळ जमला असता. पण माझ्या दोन खोल्यांच्या घराची भिंत सहा इंचांची आहे.